नकाशात नावं भरण्याआधी अंदाज बांधू द्या

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा बारा वर्षांचा, दोघांचं शिक्षण घरीच. दर आठवड्याला एका खंडाचा नकाशा आराखडा देऊन देश, राजधान्या, नद्या, पर्वत भरून घेतले जातात. त्या दिवशी सगळं बरोबर येतं, पंधरा दिवसांनी विचारलं तर पाटी कोरी. पारदर्शक कागदांचे थर एकावर एक ठेवूनही पाहिलं, पण थर नीट जुळत नाहीत आणि मुलांना त्यातून नेमकं काय कळलं हेही समजत नाही. चुकतंय कुठे?

मी गेली चौदा वर्षं आधी माझ्या आणि मग इतरांच्या घरी शिकणाऱ्या मुलांना भूगोल शिकवते आहे. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, फक्त क्रम उलटा झालाय. ‘त्या दिवशी सगळं बरोबर येतं’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. अ‍ॅटलास शेजारी उघडा असताना मूल नाव नजरेनं उचलतं आणि आराखड्यावर ठेवतं. हात चालतो, डोकं चालत नाही. नाव म्हणजे एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न पडण्याआधीच उत्तर हातात दिलं तर ते टिकेल कशाला? म्हणून माझ्याकडे नावं सगळ्यात शेवटी येतात. आधी थर, थरांच्या मध्ये मुलाचा स्वतःचा अंदाज, आणि त्यानंतर नाव.

एक सत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, म्हणजे नुसतं तत्त्व सांगून सोडल्यासारखं होणार नाही.

दक्षिण अमेरिका घ्या. तळाच्या कागदावर फक्त किनाऱ्याची रेषा, विषुववृत्त, मकरवृत्त आणि ४० अंश दक्षिण अक्षवृत्त. नाव एकही नाही. पहिल्या पारदर्शक कागदावर पश्चिम किनाऱ्याला चिकटून वरपासून खालपर्यंत जाणारा तपकिरी पट्टा. हा पर्वत सुमारे ७,००० किलोमीटर लांब आहे आणि त्याचं सर्वांत उंच शिखर ६,९०० मीटरच्या वर जातं, एवढंच सांगायचं. दुसऱ्या कागदावर वाऱ्यांचे बाण. विषुववृत्ताच्या आजूबाजूला आणि मकरवृत्तापर्यंत बाण पूर्वेकडून येतात, ४० अंशांच्या खाली ते पश्चिमेकडून येतात. आता थांबायचं. मुलाच्या हातात एक कोरा पारदर्शक कागद आणि दोन पेनं द्यायची, हिरवं आणि पिवळं. ‘वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतोय. पाऊस कुठे पडेल आणि कोरडं कुठे राहील?’

बहुतेक मुलं आधी पूर्वेकडची सगळी बाजू हिरवी करतात आणि पश्चिमेची पट्टी पिवळी. मग पेन खाली सरकतं, बाण उलटे दिसतात आणि हात थबकतो. हा थबकलेला हात बघण्यासाठी मी हे सत्र पुन्हा पुन्हा घेते. ‘इथे उलटं होणार का?’ असा प्रश्न मुलाकडून आला की तुम्ही गप्प राहायचं. त्याला रंगवू द्यायचं. त्यानंतर तिसरा कागद, खऱ्या पावसाचा. उत्तरेला पूर्व बाजू ओली, तिथे अ‍ॅमेझॉनचं जंगल. पर्वताच्या पश्चिमेला वाळवंट. दक्षिणेला नेमकं उलट: चिलीचा दक्षिण भाग भिजलेला आणि पर्वताच्या पूर्वेचा प्रदेश कोरडा. आता नावं लिहायला सांगा: अँडीज, अ‍ॅमेझॉन, अटाकामा, पॅटागोनिया. चारच नावं, पण प्रत्येकाला तिथे असण्याचं कारण आहे. अटाकामा पर्वताच्या कुठल्या बाजूला, हे त्या मुलाला महिन्यानंतरही पाठ करावं लागत नाही, कारण वाऱ्याचा बाण आठवला की वाळवंट आपोआप जागेवर येतं.

यात एक जागा अशी आहे जिथे अंदाज हमखास फसतो, आणि ती मी कधीच झाकत नाही. कोलंबियाचा पॅसिफिक किनारा, चोको नावाचा भाग. वारा येतो ती बाजू ओली आणि पर्वतापलीकडची कोरडी, या नियमानुसार तो पर्वताच्या पश्चिमेला, म्हणजे पिवळा. प्रत्यक्षात तो पृथ्वीवरच्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे, कारण तिथे पॅसिफिकच्या उबदार पाण्यावरून ओलसर वारा थेट किनाऱ्यावर येतो आणि डोंगराला धडकतो. जिथे मुलाचा कागद आणि खरा कागद जुळत नाहीत तिथे लाल गोल करायचा. बारा वर्षांच्या मुलाचा अभ्यास त्या लाल गोलापासून सुरू होतो. माझ्या मुलीनं याच वयात विचारलं होतं की पॅटागोनियाही कोरडं आणि अटाकामाही कोरडं, मग अटाकामा इतकं जास्त कोरडं का? तेव्हा आम्ही चौथा कागद काढला: किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेला जाणारा हम्बोल्टचा थंड प्रवाह. थंड पाण्यावरची हवा वर उठत नाही, त्यात त्या अक्षांशांवर वरची हवा खाली बसत असते, म्हणून तिथे धुकं येतं पण पाऊस येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे आत्ता सांगायची गरज नाही.

आता जुळणीचं बघू. थर जुळत नाहीत याची कारणं दोन असतात, कागद सरकणं आणि नकाशेच वेगळे असणं. पहिलं सोपं आहे. तळाच्या नकाशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि खाली एका कोपऱ्यात बारीक अधिकचं चिन्ह काढा, आणि प्रत्येक पारदर्शक कागदावर सगळ्यात आधी ही तीन चिन्हं उतरवा. दोनच चिन्हं ठेवली तर कागद चुकून उलटा ठेवला गेल्याचं लक्षात येत नाही, तिसरं ते पकडून देतं. सगळे कागद वरच्या कडेला चिकटपट्टीनं कॅलेंडरसारखे बांधा. मुलांनी पान उलटलं की थर येतो, परत उलटलं की जातो. कागद सुटे ठेवले की अर्धा वेळ जुळवण्यातच जातो आणि विचाराची तंद्री मोडते.

ट्रेसिंग पेपर स्वस्त पडतो आणि त्यावर पेन्सिल चालते, म्हणून मुलांच्या अंदाजाचा थर मी नेहमी ट्रेसिंग पेपरवर घेते. पण तो ओलाव्यानं आणि घामेजल्या हातांनी वळतो, आणि तीन थरांनंतर खालचं धूसर दिसायला लागतं. पुन्हा पुन्हा लागणारे थर, म्हणजे डोंगर, नद्या, पाऊस, हे ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटवर कायम शाईच्या पेनानं करा. शीटवर प्रिंट काढणार असाल तर पाकिटावर ती लेझर प्रिंटरला चालते असं लिहिलेलं आहे का ते आधी बघा. न चालणारी शीट आतल्या उष्णतेनं वितळून प्रिंटरला चिकटते.

रंगांबद्दल एक गोष्ट अनुभवातून सांगते. सगळे थर भरीव रंगवू नका. डोंगराचा तपकिरी, पावसाचा निळा आणि जंगलाचा हिरवा एकावर एक आले की चिखल होतो. भरीव रंग एकाच थराला द्या. पाऊस तिरप्या रेघांनी दाखवा, जितका जास्त तितक्या दाट. लोकवस्ती ठिपक्यांनी. वारे आणि प्रवाह बाणांनी. असं केलं की तीन थर एकत्र ठेवूनही तिन्ही वाचता येतात. तीनच्या पुढे एका वेळी जाऊ नका. चौथा हवा असेल तर आधी एक काढून ठेवा.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि तुमची अडचण बहुधा इथेच असेल. सुरुवातीच्या काळात मी पर्वतांचा थर एका अ‍ॅटलासमधून उतरवला आणि पावसाचा दुसऱ्यातून. दोन्ही नकाशे आकारानं सारखे दिसत होते. एकावर एक ठेवले तर किनारा उत्तरेला जुळत होता आणि दक्षिणेला पावसाचा पट्टा समुद्रात पडत होता. मी तासभर कागद ओढत बसले, आणि समोरचं मूल असं समजलं की पाऊस समुद्रातच पडतो. चूक कागदाची नव्हतीच, प्रक्षेपण वेगळं होतं. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना कुठे ना कुठे ताण द्यावाच लागतो, आणि प्रत्येक नकाशाकार तो वेगळ्या ठिकाणी देतो. तेव्हापासून माझा नियम: सगळे थर एकाच तळनकाशावर. दुसऱ्या नकाशातली माहिती हवी असेल तर ती छापून वर ठेवायची नाही, अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं यांच्या चौकटी बघून चौकटीमागून चौकट हातानं उतरवायची. वेळ लागतो. पण अक्षांश-रेखांश कशासाठी असतात हे मुलांना त्या एका तासात जेवढं कळतं तेवढं व्याख्या पाठ करून कळत नाही.

प्रक्षेपणाचा विषय निघालाच आहे तर हा प्रयोग दोघांनाही एकत्र द्या. मर्केटर या नकाशाकारानं १५६९ मध्ये जे प्रक्षेपण केलं, त्या पद्धतीच्या जगाच्या नकाशावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखेच मोठे दिसतात. मुलांना आधी विचारा, कोण मोठं? मग पृथ्वीगोल घ्या, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून धरा आणि ग्रीनलंडची बाह्यरेषा काढा. प्लास्टिक सरकवत आफ्रिकेवर आणा. एका कोपऱ्यात बसतं. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१.६ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिकेचं तीन कोटींच्या थोडं वर, म्हणजे जवळजवळ चौदा पट. हे आकडे प्रयोगानंतर सांगा, आधी नको.

नावं लिहिण्याची रीत हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि मराठीतून शिकवणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्यायला हवं. इंग्रजी नकाशांत देशांची नावं मोठ्या लिपीत आणि पाण्याची नावं तिरप्या अक्षरांत असतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून वाचणाऱ्याला कळतं की हे काय आहे. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. म्हणून ते काम रंग आणि आकारानं करावं लागतं. पाणी म्हणजे निळी शाई, डोंगर म्हणजे तपकिरी, माणसांनी ठरवलेल्या गोष्टी म्हणजे देश आणि शहरं काळ्या शाईत. नदीचं नाव नदीच्या वळणाबरोबर वळवून लिहायचं, तिच्या अंगावर नाही, किंचित वर. शहराचं नाव ठिपक्याच्या उजवीकडे. पर्वतरांगेचं आणि महासागराचं नाव त्यांच्या पसाऱ्याएवढं ताणून लिहायचं, म्हणजे ते कुठून कुठवर आहे हे नावच सांगतं. मात्र ताणताना शिरोरेषा तोडावी लागते आणि मुलं तिथे गोंधळतात: ‘अटलांटिक’ लिहिताना अनुस्वार किंवा वेलांटी अक्षरापासून सुटून भलतीकडे जाते. एकेक अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट एक घर समजायचं आणि घरांमध्ये अंतर ठेवायचं: अ ट लां टि क. जोडाक्षर कधी फोडायचं नाही. हे आधी कच्च्या कागदावर दोनदा करून घ्या.

एका सत्रात नऊ वर्षांच्या मुलीला सहा-सात नावं पुरेत. राजधान्यांची यादी भरून घेण्याचा आग्रह तूर्त सोडा, असं मी मनापासून सांगेन. काही नावं निव्वळ पाठांतराचीच असतात, त्यांना कारण चिकटवता येत नाही, ती पत्त्यांसारखी कार्डं करून खेळात घ्या. पण नकाशाचा वेळ त्यांच्यावर घालवू नका.

आता एक चूक जी लहान मुलं हमखास करतात. त्यांना नाईल नदीचा बाण काढायला सांगा. पुष्कळ मुलं तो वरून खाली काढतात, कारण पाणी ‘खाली’ वाहतं आणि नकाशात खाली म्हणजे दक्षिण. नाईल उत्तरेकडे वाहते असं सांगून पाठ करून घेतलं तर समज तशीच राहते, फक्त एक अपवाद वाढतो. त्याऐवजी उंचीचा थर ठेवा. इथिओपियातलं ताना सरोवर सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, तिथून निळी नाईल निघते, खार्टुमला पांढऱ्या नाईलला मिळते आणि भूमध्य समुद्रापर्यंत उतरत जाते. बोट उंचावरून सखलाकडे न्यायला सांगा, मग नकाशा उलटा फिरवा आणि पुन्हा तेच करायला सांगा. पान फिरलं तरी उतार तोच राहतो हे एकदा बोटांना कळलं की ‘वर म्हणजे उत्तर’ हा फक्त छापण्याचा संकेत आहे हेही कळतं.

याच नकाशावर पुढचा थर पावसाचा ठेवा. इजिप्तमध्ये जवळजवळ काहीच नाही. आता कोरा कागद द्या आणि विचारा, इथली माणसं कुठे राहत असतील? इजिप्तचे सुमारे ९५ टक्के लोक नाईलच्या काठच्या आणि मुखाजवळच्या अरुंद पट्टीत राहतात, देशाच्या साधारण पाच टक्के जमिनीवर. मुलांचे ठिपके नदीला चिकटतातच. मग अस्वान, लक्सर, कैरो, अलेक्झांड्रिया ही नावं लिहायला घ्या. मुलाला एक पाऊल पुढे न्या: इजिप्तला पोचणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथिओपियाच्या उंच प्रदेशातून येतो, आणि निळ्या नाईलवर इथिओपियानं २०११ मध्ये मोठं धरण बांधायला घेतलं. धरणाच्या जागी एक आडवी रेघ काढा आणि त्यालाच विचारा, ही रेघ बघून कैरोतल्या माणसाला काय वाटेल?

मुलाला थरांची ताकद दाखवायला मी आणखी एक नकाशा वापरते, तो लंडनचा. १८५४ मध्ये सोहो भागात पटकीची साथ आली. बहुतेक जाणकारांचा समज होता की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. जॉन स्नो या डॉक्टरांना पाण्याचा संशय होता. त्यांच्या नकाशावर मृत्यू झालेल्या घरांपाशी काळ्या खुणा आहेत आणि पाण्याचे पंपही दाखवलेले आहेत. तुम्ही याचे दोन थर करा. आधी फक्त रस्ते आणि मृत्यूच्या खुणा द्या आणि विचारा, दूषित पंप कुठे असेल? मुलगा बोट ठेवतो. मग पंपांचा थर येतो, आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप त्या बोटाखाली किंवा अगदी जवळ असतो. सप्टेंबरमध्ये त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगा.

काळाचे थर मोठ्या मुलांना फार आवडतात. अरल समुद्राची १९६० ची रेषा एका कागदावर आणि आताची दुसऱ्यावर. १९६० मध्ये ते जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. दोन रेषांमधला भाग मुलाला रंगवायला लावा, मग अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचा थर ठेवा आणि त्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवणारे कालवे दाखवा.

संगणकावर थर चालू-बंद करणं सोयीचं आहे आणि बारा वर्षांच्या मुलाला क्यूजीआयएससारखी मोफत प्रणाली पुढे जरूर दाखवा. पण हातानं पाच-सहा नकाशे झाल्यावर. पडद्यावर सगळं आधीच जुळलेलं येतं, त्यामुळे अंदाज बांधण्याची आणि जुळवण्याची वेळच येत नाही.

आठवणीचं म्हणाल तर सत्राच्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅटलास आणि आराखडा दोन्ही बंद. कोऱ्या कागदावर खंड स्वतः काढायचा, ओबडधोबड चालेल. दक्षिण अमेरिका म्हणजे वर रुंद, खाली निमुळतं गाजर, आणि विषुववृत्त अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळून जातं. त्यावर जे आठवेल ते लिहायचं, मग मूळ कागद वर ठेवून स्वतःच तपासायचं. तेच आठवड्यानं, तेच महिन्यानं. तपासताना किती नावं आली ते मोजू नका. एक थर लपवा आणि विचारा: ‘पाऊस आणि लोकवस्ती दिसतेय, डोंगर कुठे असतील?’ यावर मूल बोलायला लागलं की तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

दोघांना एकत्र बसवायचं असेल तर थर काढणं आणि नावं लिहिणं मुलीकडे द्या, आणि दोन थरांच्या मध्ये विचारायचा प्रश्न मुलानं लिहून आणायचा. चांगला प्रश्न लिहिण्यासाठी त्याला दोन्ही थर तिच्यापेक्षा जास्त नीट बघावे लागतात.

प्रत्येक अंदाजाच्या कागदावर तारीख घाला आणि तो चुकीचा असला तरी फाडू नका, खऱ्या थराच्या मागे त्याच फाइलमध्ये लावून ठेवा. या आठवड्यात दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात करा. तळनकाशा आणि डोंगरांचा थर आदल्या रात्री तयार ठेवा, वाऱ्यांचे बाण मुलांसमोर काढा, आणि चोकोबद्दल आधी एक शब्दही बोलू नका.